क्रूझच्या सहलीला ड्रोन नेताना

क्रूझची सहल ही आता मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंडच्या किनाऱ्यांना स्पर्श करून परतणारी चार-पाच दिवसांची फेरी, दुबईहून आखातात हिंडणारे जहाज, बार्सिलोनाहून निघणारी भूमध्य समुद्रातील आठवडाभराची सफर, आणि पासपोर्ट-व्हिसाची यातायात नको असलेल्यांसाठी २०२१ पासून थेट मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणारी 'कॉर्डेलिया'ची सफर, असे पर्याय सहल कंपन्यांच्या जाहिरातींत रोज दिसतात. या सहलींच्या सामानात गेल्या काही वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. तळहातावर मावणारे, पाव किलोहून कमी वजनाचे, चार पंख्यांचे आणि पुढे कॅमेरा असलेले ड्रोन. निळ्या पाण्यावर पांढरेशुभ्र जहाज, त्याच्या मागे फेसाची लांबच लांब रेघ आणि डेकवर हात हलवणारे आपले कुटुंब, असे चित्र आकाशातून टिपावे, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे.

हे ड्रोन जहाजावर नेता येते काय, आणि नेले तर उडवता येते काय? थोडक्यात सांगायचे तर नेता येणे हे जहाज कंपनीवर अवलंबून आहे, जहाजावरून उडवता येणे जवळजवळ अशक्य आहे आणि बंदरात उतरल्यावर काय करता येईल हे त्या त्या देशावर, पुष्कळदा त्या त्या मोहल्ल्यावर अवलंबून आहे. जमिनीवरच्या सहलीत आपण एका देशात उतरतो, तिथला नियम एकदा समजून घेतो आणि आठवडा त्यावर निभावून नेतो. क्रूझमध्ये मात्र आपण झोपेत असताना देश बदलतो. सकाळी खिडकीचा पडदा सारला की समोर नवे बंदर, नवे नाणे आणि नवा कायदा. काल ज्या ड्रोनचे कौतुक झाले, तेच ड्रोन आज सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊ शकते.

भर समुद्रात कायदा कोणाचा?

किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर पलीकडे गेले की कुठल्याच देशाची हद्द नाही. मग अडवणार कोण, असा एक समज आहे. तो खरा नाही. जहाज ज्या देशात नोंदलेले असते, त्या देशाचा कायदा त्या जहाजावर खुल्या समुद्रातही लागू राहतो. मोठ्या प्रवासी जहाजांच्या पाठीमागे नावाखाली नासाऊ, पनामा किंवा व्हॅलेटा असे लिहिलेले दिसते, ती बहामा, पनामा, माल्टा या देशांत झालेल्या नोंदणीची खूण. आकाशाचे म्हणाल तर १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराखालील नियम खुल्या समुद्रावरच्या आकाशालाही लागू आहेत. याच कराराच्या आठव्या कलमात, वैमानिकाविना उडणारे विमान दुसऱ्या देशावरून त्या देशाच्या खास परवानगीशिवाय नेऊ नये, असे लिहून ठेवलेले आहे. खेळण्यातल्या ड्रोनची कल्पनाही कोणी केली नव्हती तेव्हाची ही तरतूद. आजचे देशोदेशींचे ड्रोन-नियम त्याच वाटेने पुढे आले आहेत.

अर्थात, प्रवाशाच्या दृष्टीने हे सारे दूरचे. जवळचा कायदा म्हणजे तिकीट काढताना न वाचताच मान्य केलेला प्रवास करार. जहाजाच्या सुरक्षिततेबाबत कप्तानाचा शब्द अखेरचा असतो, आणि सुरक्षेचा नियम मोडणाऱ्या प्रवाशाला पुढच्या बंदरात उतरवून देण्याचा अधिकार बहुतेक कंपन्यांनी करारात राखून ठेवलेला असतो. तिथून घरी येण्याचा खर्च प्रवाशाचा. एका चित्रफितीपायी अर्ध्या सहलीवर पाणी सोडण्याची ही तयारी आहे का, याचा विचार ड्रोनची पेटी उघडण्याआधी व्हावा.

कंपन्या एवढ्या कडक का, याची कारणे सांगितली गेली तर प्रवासी अधिक समजुतीने वागतील असे वाटते. पण नियमांच्या यादीत कारणे क्वचितच असतात. एक कारण म्हणजे हेलिकॉप्टर. जहाजावर कोणाला हृदयविकाराचा झटका आला आणि किनारा आवाक्यात असला, तर तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर येऊन रुग्णाला उचलून नेते. त्या वेळी आकाशात फिरणारे एखादे ड्रोन किती महागात पडेल हे सांगायला नको. दुसरे कारण म्हणजे लोकांचा खासगीपणा. जहाजाच्या एकेका बाजूला शेकडो बाल्कन्या असतात, वर पोहण्याचे तलाव असतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी आपल्या पैशाने निवांतपणा विकत घेऊन बसलेले असते. तिसरे कारण साधे गुरुत्वाकर्षणाचे. डेकवर हजारो माणसे आहेत. वरून पडलेली वस्तू समुद्रात पडेल याची हमी नाही.

जहाज पुढे, ड्रोन मागे

या सर्व कारणांहून मोठे कारण मात्र यंत्राच्या स्वभावातच आहे, आणि ते उत्साही मंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही. ड्रोन जिथून उडाले ती जागा उपग्रहाच्या मदतीने लक्षात ठेवते. संपर्क तुटला किंवा बॅटरी संपत आली की ते आपोआप 'घरी' परतते, म्हणजे त्या जागेवर येऊन उतरते. मैदानात हीच सोय वरदान ठरते. चालत्या जहाजावर ती घात करते, कारण ड्रोनच्या लेखी घर म्हणजे समुद्रावरचा एक बिंदू आणि जहाज तिथून केव्हाच निघून गेलेले असते.

जरा हिशेब करून पाहू. प्रवासी जहाजाचा वेग वीस नॉट धरला तर तो ताशी ३७ किलोमीटर होतो, म्हणजे सेकंदाला दहा मीटरहून किंचित अधिक. पाच मिनिटांत जहाज तीन किलोमीटर पुढे गेलेले असते. आता आपल्याकडे लोकप्रिय झालेले 'डीजेआय मिनी २' हे ड्रोन घ्या. नेहमीच्या पद्धतीने उडवताना त्याचा कमाल वेग सेकंदाला दहा मीटर आहे. म्हणजे वारा अजिबात नसला तरी ते जहाजाला गाठू शकत नाही, फार तर रेंगाळत मागे राहील. खास जलद पद्धतीत ते सेकंदाला सोळा मीटर जाते. पण समोरून सेकंदाला पाच मीटरचा वारा असला, आणि समुद्रावर एवढा वारा म्हणजे मंद झुळूकच, तर उरतात अकरा मीटर. जहाज किलोमीटरभर पुढे गेलेले असेल तर ते अंतर तोडायला चोवीस-पंचवीस मिनिटे लागतील. बॅटरी तोवर टिकणार नाही. काही नव्या ड्रोनमध्ये हातातील नियंत्रकाची जागा हेच घर मानण्याची सोय आहे, हे खरे; पण ती सोय मुद्दाम चालू करावी लागते आणि वेगाच्या या हिशेबात तिने काही फरक पडत नाही.

शिवाय जहाज हे पोलादाचे आहे. ड्रोनमधील होकायंत्र त्याच्या सान्निध्यात गोंधळते आणि यंत्र कधी उडायलाच नकार देते, तर कधी उडाल्यावर भलतीकडे भरकटते. डेक हलत असल्याने समतोलाची जुळणी नीट होत नाही. ड्रोनच्या पोटाशी असलेले संवेदक खालची जमीन 'पाहून' स्थिर राहतात. लाटांच्या चकाकत्या पाण्यावर त्यांना काय पाहावे ते कळत नाही. दहा-पंधरा मजली जहाजाला वळसा घालून येणारा वारा डेकच्या कडेला भोवरे तयार करतो तो भाग वेगळाच. मैदानात शंभर वेळा सफाईने ड्रोन उतरवणाऱ्या माणसाचाही इथे इलाज चालत नाही.

वाऱ्याने केलेली एक फजिती ऐकण्यासारखी आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनची तीन अब्ज पौंड खर्चून बांधलेली विमानवाहू युद्धनौका 'क्वीन एलिझाबेथ' स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन बंदरात उभी होती. हौशी छायाचित्रकार असलेल्या एका गृहस्थाने तिची छायाचित्रे घेण्यासाठी ड्रोन उडवले. वारा वाढल्याचा इशारा ड्रोनने दिला आणि ते थेट त्या युद्धनौकेच्या डेकवरच उतरले. त्याला तिथे कोणी हटकले नाही, आणि त्याने ते पुन्हा उडवून परत आणले. पुढे त्याने स्वतःच ही हकीकत सांगितल्यावर नौदलाची चांगलीच पंचाईत झाली. इन्व्हरगॉर्डन हे क्रूझ जहाजांचेही मोठे बंदर आहे. त्या गृहस्थाचे निभावले. आपल्या नौदलाच्या जहाजावर ड्रोन उतरल्यास काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

चढताना काय होते?

जहाजावर चढताना सामान विमानतळासारखेच क्ष-किरण यंत्रातून जाते. ड्रोन लपत नाही, आणि लपवण्याचा प्रयत्न करूही नये. पुढे काय होते ते कंपनीगणिक बदलते. काही कंपन्या ड्रोन आणण्यासच मनाई करतात. डिस्नेच्या जहाजांवर ते निषिद्ध वस्तूंच्या यादीतच आहे. काही कंपन्या ड्रोन ताब्यात घेऊन पावती देतात आणि सहलीच्या शेवटच्या सकाळी परत करतात. अशा वेळी ते आठवडाभर नुसतेच समुद्रपर्यटन करून येते. काही ठिकाणी बंदराच्या दिवशी सुरक्षा कक्षातून ते घेऊन उतरता येते आणि संध्याकाळी परत जमा करावे लागते. तर काही कंपन्या ते केबिनमध्ये ठेवू देतात, मात्र जहाजावर उडवायचे नाही, या अटीवर.

हे नियम दरवर्षी बदलतात. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या शब्दावर विसंबू नये. सहल कंपनीच्या प्रतिनिधीचे 'घेऊन चला हो, काही होत नाही' हे आश्वासन तर मुळीच प्रमाण मानू नये. जहाज कंपनीला ई-मेल करून जहाजाचे नाव व तारीख कळवावी, ड्रोन चालेल का, बंदरात बाहेर नेता येईल का, हे दोनच प्रश्न विचारावेत आणि आलेले उत्तर छापून बरोबर ठेवावे. बॅलार्ड पिअरवर किंवा मायामीत रांगेत उभे असताना हा कागद वादापेक्षा उपयोगी पडतो.

पाव किलोचा गैरसमज

'आपले ड्रोन २४९ ग्रॅमचे आहे, त्याला काहीच लागत नाही,' हे वाक्य छंदी मंडळींत फार ऐकू येते. ड्रोन बनवणाऱ्या कंपन्यांनी वजन मुद्दाम २५० च्या आत ठेवले, कारण अनेक देशांनी तीच रेषा आखली. पण त्या रेषेचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा आहे.

अमेरिकेत छंदासाठी उडवले जाणारे ड्रोन २५० ग्रॅमपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही. त्याहून जड असेल तर पाच डॉलर भरून तीन वर्षांची नोंदणी होते. सुरक्षाविषयक छोटी ऑनलाइन परीक्षा मात्र हलक्या ड्रोनवाल्यांनाही द्यावी लागते. ती विनामूल्य आहे. युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून समान नियम लागू झाले. तिथे २५० ग्रॅमहून हलक्या ड्रोनलाही कॅमेरा असेल तर चालकाची नोंदणी आवश्यक आहे, आणि सहलीला नेण्याजोग्या जवळपास सर्वच ड्रोनना कॅमेरा असतोच. या व्यवस्थेची एक सोय म्हणजे बाहेरच्या प्रवाशाने ज्या देशात प्रथम उडवायचे तिथे नोंदणी केली की ती संघातील सर्व देशांत आणि नॉर्वे, आइसलँड येथेही चालते. बार्सिलोना, मार्सेल, नेपल्स असा मार्ग असेल तर एकच नोंदणी पुरते. पण ती चालकाची नोंदणी, जागेची परवानगी नव्हे. बार्सिलोनाचे विमानतळ बंदराला दक्षिणेकडून जवळजवळ लागून आहे, व्हेनिसच्या जुन्या शहरावर खास परवानगीवाचून उडवता येत नाही, आणि ग्रीसमध्ये पुरातत्त्वीय स्थळांसाठी वेगळी परवानगी लागते. थोडक्यात, पर्यटक जिथे जातात तिथेच मनाई अधिक.

ब्रिटन संघातून बाहेर पडल्याने तिथली व्यवस्था वेगळी. १ जानेवारी २०२६ पासून ब्रिटनने रेषा आणखी खाली आणली असून १०० ग्रॅम व त्याहून अधिक वजनाचे ड्रोन उडवणाऱ्याला परीक्षा देऊन ओळख क्रमांक घ्यावा लागतो. साउदॅम्प्टनहून निघणाऱ्या जहाजावर २४९ ग्रॅमचा आधार घेऊन चढणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आखातात नियम हा बातम्यांप्रमाणे बदलतो. जानेवारी २०२२ मध्ये अबुधाबीवर ड्रोन व क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला आणि संयुक्त अरब अमिरातीने काही दिवसांतच खासगी ड्रोनवर सरसकट बंदी घातली. वैयक्तिक वापराला पुन्हा वाट मिळाली ती जानेवारी २०२५ मध्ये, तीही नोंदणीच्या अटीवर. थायलंडमध्ये कॅमेरा असलेल्या ड्रोनची नोंदणी व विमा लागतो. शिवाय कंबोडियाशी सीमेवर चकमकी सुरू झाल्यावर २०२५ च्या जुलैअखेरीस तिथे देशभर ड्रोनबंदी जाहीर झाली. सिंगापूरहून फुकेतला निघालेल्या प्रवाशाने महिनाभर आधी वाचलेले नियम त्या आठवड्यात निरुपयोगी झाले असते.

काही देशांत तर ड्रोन घेऊन धक्क्यावर पाऊल ठेवणेच धोक्याचे. मोरोक्कोत पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन आणता येत नाही. कासाब्लांका किंवा टँजियरला उतरताना सापडले तर सीमाशुल्क अधिकारी ते ठेवून घेतात. इजिप्तमध्ये २०१७ च्या कायद्याने संरक्षण मंत्रालयाच्या परवानगीविना ड्रोन आणणे, बाळगणे, वापरणे हा गुन्हा ठरवला असून त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. पिरॅमिडवरून काढलेली सुंदर चित्रे पाहून आपणही तसेच करावे असे वाटते. त्या चित्रांमागची परवानगी चित्रात दिसत नाही. मार्गात असे एखादे बंदर असेल तर त्या दिवशी ड्रोन जहाजावरच राहू द्यावे.

अलास्काचे आकाश

अमेरिकेतील आपली मुले-मुली आईवडिलांना हौसेने अलास्काच्या क्रूझवर नेतात, त्यामुळे या मार्गाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. हिमनद्या, देवमासे, गरुड. ड्रोनसाठी याहून मोहक जागा नाही. पण या सहलीचे मुख्य आकर्षण असलेला ग्लेशियर बे हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडवण्यास २०१४ पासून बंदी आहे. कारण पक्ष्यांचे, प्राण्यांचे आणि शांतता अनुभवायला आलेल्या माणसांचेही.

उद्यानाबाहेरच्या गावांत नियम सैल असले तरी आकाश मोकळे नाही. केचिकन या गावाचे विमानतळ क्रूझच्या धक्क्यांपासून अरुंद खाडीच्या पलीकडे आहे, आणि पाण्यावरून उडणारी व पाण्यावरच उतरणारी लहान विमाने तिथे दिवसभर ये-जा करत असतात. त्यांत बसलेले बहुतेक लोक क्रूझचेच प्रवासी असतात, फेरफटक्याला निघालेले. १३ मे २०१९ रोजी केचिकनजवळ अशी दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि सहा जण मृत्युमुखी पडले. प्रवासी 'रॉयल प्रिन्सेस' या जहाजावरून आलेले होते. त्या अपघाताशी ड्रोनचा काहीही संबंध नव्हता. परंतु दिवसाढवळ्या, तरबेज वैमानिकांना समोरचे अख्खे विमान वेळेवर दिसले नाही, तिथे पाव किलोचे करडे ड्रोन कोणाला दिसणार? ड्रोनला आखून दिलेली चारशे फुटांची कमाल मर्यादा आणि या विमानांची उतरतानाची उंची यांत अंतर फारसे राहत नाही. त्या विमानात उद्या आपलेच आईवडील असू शकतात.

ड्रोन आणि विमाने यांच्या भीतीने काय घडते हे लंडनच्या गॅटविक विमानतळाने डिसेंबर २०१८ मध्ये दाखवले. ड्रोन दिसल्याच्या वर्दीवरून सुमारे एक हजार उड्डाणे बाधित झाली आणि एक लाख चाळीस हजार प्रवासी नाताळच्या तोंडावर अडकले. पुढच्याच जूनमध्ये सिंगापूरच्या चांगी विमानतळावरही ड्रोनमुळे विमाने खोळंबली. त्यानंतर जगभरातील यंत्रणांचा या खेळण्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला, तो कायमचा.

आपला किनारा

मुंबई-गोवा-कोची-लक्षद्वीप या मार्गावर परदेशी कायदा आड येत नाही, त्यामुळे इथे तरी मोकळीक असेल असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. आपल्याकडील क्रूझचे धक्के आणि नौदलाचे तळ यांची शेजारसोबत आहे. मुंबईत बॅलार्ड पिअरला लागून नौदलाची गोदी आहे. गोव्यात जहाज मुरगावला लागते आणि जवळच दाबोळीचा विमानतळ आहे, जो मुळात नौदलाचा 'आयएनएस हंसा' हा हवाई तळ. कोचीत जहाज विलिंग्डन बेटावर थांबते. त्याच बेटावर नौदलाचा 'आयएनएस गरुड' हा हवाई तळ आहे आणि दक्षिण नौदल कमानीचे मुख्यालयही शेजारीच. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला 'द्वीपरक्षक' आणि मार्च २०२४ पासून मिनिकॉयला 'जटायू' हे नौदल तळ आहेत. त्या बेटांवर पाय ठेवायलाच परवाना लागतो, मग ड्रोनची गोष्टच नको. जुलै २०२१ मध्ये नौदलाने आपल्या तळांपासून तीन किलोमीटरच्या आत विनापरवाना ड्रोन उडवण्यास मनाई केली असून असे ड्रोन पाडण्याचा इशाराही दिलेला आहे.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी देशात बरीच मोकळीक दिली, हे मान्य केले पाहिजे. हिरव्या विभागात चारशे फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो' ड्रोनला आणि दोन किलोपर्यंतच्या ड्रोनच्या बिगर-व्यावसायिक वापराला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. पण विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीविना उड्डाण नाही, आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून मुळीच नाही. सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेल्या हवाई नकाशावर हे विभाग रंगवून दाखवले आहेत. त्यावर आपल्या मार्गातील बंदरे एकदा पाहिली की चित्र स्पष्ट होते. त्यात भर म्हणून मुंबई पोलीस वेळोवेळी महिना-महिन्याचे आदेश काढून शहरात ड्रोन, पॅराग्लायडर यांना बंदी घालत असतात. जहाज सुटताना गेटवेचे दृश्य टिपण्याचा बेत कितीही काव्यात्म असला तरी तो कॅमेऱ्यानेच तडीस न्यावा.

मग कुठेच उडवता येत नाही का? येते. नोंदणी आणि परीक्षा घरून निघण्यापूर्वी पूर्ण केलेली असावी, जहाज बंदरात निदान आठ-दहा तास थांबणारे असावे, आणि गाडी करून बंदर व विमानतळ यांच्यापासून दूर, माणसांची वर्दळ नसलेल्या जागी जाण्याची तयारी असावी. नॉर्वेच्या एखाद्या लहान गावामागची टेकडी, सिसिलीच्या आतल्या भागातील द्राक्षमळ्यांची वाट, अशा ठिकाणी मालकाला विचारून अर्धा तास निवांत उडवता येते. राखीव क्षेत्र नाही ना, एवढे त्या देशाच्या अधिकृत नकाशावर आदल्या रात्री पाहून घ्यावे. दक्षिणेकडे अंटार्क्टिकाच्या वाटेला जाणाऱ्यांना मात्र हाही मार्ग नाही. तिथल्या पर्यटन कंपन्यांच्या संघटनेने किनारी भागात हौसेखातर ड्रोन उडवणे बंद केले आहे. पेंग्विनांच्या वसाहतीवर घिरट्या घालणारे यंत्र त्यांना शिकारी पक्ष्यासारखेच वाटत असणार.

एवढी खटपट करायची नसेल तर ड्रोन घरी ठेवलेले बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या जहाजाच्या चित्रासाठी ते नेले, त्या जहाजाचे चित्र ते जवळजवळ कधीच घेऊ शकत नाही. बंदराच्या वरच्या टेकडीवर चढून साध्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र त्याहून खात्रीचे.

ज्यांना न्यायचेच आहे त्यांच्यासाठी विमानप्रवासाचा भाग उरतो. ड्रोनच्या सुट्या बॅटऱ्या लिथियमच्या असतात; त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, विमानाच्या पोटात टाकायच्या सामानात नव्हे. शंभर वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना विमान कंपनीची खास संमती लागत नाही. लहान ड्रोनची बॅटरी सतरा-अठरा वॉट-तासांची असते, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवावी. जहाजाच्या केबिनमध्ये त्या चार्जिंगला लावून जेवायला निघून जाऊ नये. समुद्रात अग्निशमन दलाची गाडी येत नाही.

परतीचा प्रवास बहुतेकांच्या लक्षातून सुटतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा एवढेच अपवाद. ही बंदी प्रवाशाच्या सामानालाही सोडत नाही. त्यामुळे दुबईच्या किंवा सिंगापूरच्या दुकानात स्वस्त दिसले म्हणून घेतलेले ड्रोन मुंबई विमानतळावर जप्त होऊ शकते. सीमाशुल्काच्या घोषणापत्रात ड्रोनचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला आहे. आपले जुने ड्रोन इथूनच घेऊन जात असाल तर निघण्यापूर्वी विमानतळावरील सीमाशुल्क कक्षात ते दाखवून, त्यावरील अनुक्रमांकाची नोंद असलेले निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे, आणि ड्रोन सोपवण्याच्या सामानात न टाकता हातात ठेवावे, कारण ते पाहिल्याशिवाय अधिकारी सही करीत नाहीत. खरेदीची पावतीही त्याच पाकिटात असू द्यावी.